मांडवाचा नारळ

धाकटी खार, ता. पेण
१४ जानेवारी

प्रिय नमावन्स,

तीळगूळ घे. गोड बोल असं म्हणत नाही, निदान बोल.

इकडे आम्ही सगळी बरी आहोत. तुझ्या भावाचा गुडघा थंडीत कुरकुरतो. बाकी त्यांना काही विचारलं की "बघू" हे उत्तर होतं तसंच आहे. वालाच्या शेंगा यंदा भरपूर आल्या. परवा वाडीतल्या पोरांनी त्या मडक्यात भरून पोपटी लावली. मडकं उघडल्यावर भांबुर्डीच्या पाल्याचा वास सुटला आणि तुझा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "नमीला शेंगा धाडाला पायजे व्हत्या." तुम्ही तिकडे रोह्याजवळ, अष्टमी गावात सगळी बरी असाल. हितेशचं, सूनबाईचं ठीक असेल. दुकान चालत असेल.

मोबाईल असताना ही बाई कागद का काळा करते, असं तू म्हणशील. एक तर तू माझा फोन उचलत नाहीस. दुसरं म्हणजे उमेदवाराने मोबाईलवर काही म्हणजे काही लिहायचं नाही, अशी तुझ्या धाकट्या भावाच्या प्रविणची ताकीद आहे. सकाळी एकीला लिहिलेलं दुपारी फोटो होऊन तालुकाभर फिरतं. पत्राकडे आता पोस्टमन सोडला तर कोणी बघत नाही.

हो, उमेदवार. उभी असशील तर आधी बस.

पंचायत समितीला उभी राहिले आहे. अपक्ष, चिन्ह नारळ. तू हसतेयस ते मला इथे ऐकू येतंय. हस. तुझा भाऊही हसला होता, आणि अर्ज भरायच्या दिवशी धुतलेला सदरा घालून माझ्या आधी रिक्षात जाऊन बसला.

हे खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते सांगते. मागच्याच्या मागच्या भादव्यात उधाणाला आपल्या बांधाला खांड गेली, भगदाडच पडलं, हे तुझ्या कानावर आलं असेलच. बापये सगळे कंपनीत, पहिल्या शिफ्टला. मी बांधावर एकटी. खाडीचं पाणी पोटरीला आलेल्या भातात शिरताना डोळ्यांसमोर दिसतंय आणि फोनला रेंज नाही. ओरडून काय होणार, वारा समोरचा. तेव्हा माझ्या तोंडातून काय आलं असेल? लग्नाचा मांडव घालताना गायचा पहिला धवला! तुझ्या आईने, बायजाबाईंनी, आपल्याला त्याच बांधावर उभं करून शिकवला तोच. "वाऱ्याच्या वर जाऊ दे गो सूर," म्हणायच्या. गेला, वन्स. तीनही वाड्यांत ऐकू गेला. बायका हातातलं टाकून धावल्या त्या मला शिव्या द्यायला. "अगो भादव्यात कुनाचा मांडव? अपशकुनी कुठली!" मग त्यांना पाणी दिसलं. भरती ओसरेपर्यंत आम्ही बायकांनी गोणीत चिखल भरून खांडीत टाकला. अर्धं शेत वाचलं, अर्धं खारं झालं. त्या दिवशी बांध समिती झाली आणि मी तिची अध्यक्ष.

पुढे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. प्रत्येक साहेब विचारायचा, "तुमचा सदस्य कोण? त्याला घेऊन या." सदस्य कधी घरी सापडायचा नाही. शेवटी समितीतली रघूची आई म्हणाली, "त्याला सोदत कवर फिराचा? तूच हो ना सदस्य." म्हणाली आणि मी झाले. अजून झाले नाही, उभी आहे.

नारळाने मात्र वैताग आणलाय. प्रचाराची सुरुवात गावदेवीला नारळ फोडून करायची, तर आमची माणसं हातात नारळ घेऊन एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी. आपलंच चिन्ह फोडायचं कसं? तुझ्या भावाने शेवटी तो न फोडताच देवीपुढे ठेवला आणि "बघू" म्हणाले.

मला भाषण येत नाही. मी सरळ घरात शिरते आणि चुलीजवळ बसते. हमरापूर-जित्यापर्यंत मी ज्या ज्या घरात गेले, तिथे कोणाची ना कोणाची हळद आपण म्हटलेली आहे. गणपतीच्या कारखान्यात बायका मूर्तीच्या सोंडेला पांढरा हात देत बसलेल्या असतात. त्या कुंचला न थांबवता विचारतात, "तुमच्यासोबत ती उंच आवाजाची बाय असायची, ती कुठं?" मी म्हणते, रोह्याला. आणि उठते. प्रविणचा एक मुंबईचा मित्र व्हिडिओ काढायला आला होता, तो विचारतो, धवला म्हणजे काय? मी म्हटलं, बाबा, भटजी येऊन पोचायच्या आधीपासून आम्हा आगऱ्यांची लग्नं बायका गाऊन लावतात. ते गाणं म्हणजे धवला आणि म्हणणारी ती धवलारीण. तर म्हणतो, "ओह, लेडीज भटजी!" प्रविण तू पाहिलास तेव्हा शाळेत होता, आता मला राजकारण शिकवतो.

विरोधात मोठ्या खारीची प्रणिता आहे, निलेशची बायको. आठवते ना? तिच्या हळदीला आई पुढे ओळ म्हणत होत्या आणि आपण दोघी मागून ती झेलत होतो. तू रोह्याहून सकाळच्या गाडीने आली होतीस. पेणच्या फलाटावर उतरलीस, तर आईंनी तुझ्या हातातली पिशवीसुद्धा घेतली नाही. आधी म्हणाल्या, "म्हन बगू." आणि तू तिथेच, गाडी सुटायच्या आत, फलाटावर उभी राहून सूर लावलास. तिकीट तपासनीस थांबून ऐकत राहिला. माझं नवं लुगडं घामाने भिजलं होतं लाजेने. आज ते सगळं दिसतं आणि लुगड्याचा रंगसुद्धा आठवतो.

असो. लिहायला बसले ते एवढ्याचसाठी की माइकवर बोलून आवाज जरा बसलाय. आई काढा करायच्या त्यात ज्येष्ठमधाबरोबर काय असायचं ते आठवेना. तुला ठाऊक असेल. तेवढं कळव, बाकी काही नाही.

तुझी वयनी,
अनिता


धाकटी खार
२९ जानेवारी

प्रिय नमावन्स,

कार्ड मिळालं. "ज्येष्ठमध, अडुळसा, आलं, खडीसाखर. आणि तोंड बंद." एवढं लिहायला तुला पाच वर्षं लागली! तुझा भाऊ ते कार्ड खिशात घालून दोन दिवस हिंडला. मी काढा करते आहे. तोंड मात्र बंद होत नाही, निवडणूक आहे.

आता नीट वाच. माझ्याकडून एक गोष्ट झाली आहे. तिला प्रविण चूक म्हणतो, समिती गाढवपणा म्हणते. तू काय म्हणतेस ते मला ऐकायचं आहे.

परवा देवळापुढे आमची सभा होती. सभा म्हणजे आमच्याच बायका आणि खुर्च्यांवर चढणारी पोरं. मी बोलायला उठते तर गर्दीतून प्रणिताची सासू आली. म्हातारी वाकलीय, पण नऊवारी अजून कडक. हातात ताट. ताटात तांदूळ, सुपारी आणि नारळ. प्रविणला वाटलं, विरोधकाच्या घरातून पाठिंबा आला. नारळ म्हणजे आपलं चिन्ह ना! त्याने टाळ्या सुरू केल्या, मोबाईल वर धरला. म्हातारीने तिकडे बघितलंही नाही. माझ्यापुढे ताट धरून म्हणाली, "अनिता, माजे नातीची हलद हाय. निवडनूक पाच वर्सांनी परत येल, पोरीची हलद येकदाच. ये गो बाय."

आणि वन्स, माझा पदर आपोआप पुढे झाला. विचार करायला वेळच नव्हता. उभ्या जन्मात मी आलेला नारळ नाकारला नाही. आईंनीही नाही. ओटीत पडल्यावर प्रविणच्या लक्षात आलं की हा पाठिंबा नाही, हे धवला म्हणायचं आमंत्रण आहे. टाळ्या वाजवत होता तो हात त्याने तसाच कपाळाला लावला.

प्रणिताच्या लेकीची हळद आहे मतदानाच्या आदल्या दिवशी. जाहीर प्रचार त्याच्याही आदल्या संध्याकाळी बंद. हळदी बंद करायचा नियम अजून निघालेला नाही.

समितीची बैठक आमच्या ओटीवर झाली. सगळ्यांचं एकच. नारळ परत करा. मी म्हटलं, ओटीतला नारळ परत गेला तर त्या पोरीच्या मांडवाला अपशकुन, तुम्हाला माहीत आहे. तर म्हणतात, मग आजारी पडा. धवल्यात घरधनिणीचं नाव घेऊन देवीकडे यश मागावं लागतं, आणि घरधनीण कोण? प्रणिता! मतदानाच्या आदल्या दिवशी मी तिच्या दारात उभी राहून माइकवर तिला यश मागणार! प्रविण म्हणाला, "काकी, तुमी तिचाच प्रचार कराला चाल्ल्याव." चुकीचं काही बोलत नव्हता तो. बिचाऱ्याने माझ्यासाठी रजा टाकल्यात. मला त्याच्याकडे बघवेना.

तरी मी जाणार आहे. ज्या दारांत मी मत मागते ती दारं मला धवल्याने उघडली. एका दारात गेले नाही की मग मी धवलारीण राहत नाही, नुसती उमेदवार राहते. तसल्या गावात पुष्कळ आहेत.

आता अडचण. रघूची आई तू येईनाशी झाल्यापासून पाच वर्षं माझी मागची म्हणून उभी राहते आहे. ती म्हणाली, "मेली तरी प्रनिताच्या मांडवान पाय ठेवाची नाय." आणि एकटीने धवला म्हणत नाहीत. आईंचं वाक्य तुला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. "रडाचा तं एकटीनी, गावाचा तं दोघींनी."

म्हणून लिहिते आहे. येशील?

हे लिहून मी मघाशी पाकीट बंद करणार होते. पण तू विचारशील, वयनीला पाच वर्षांत आठवण झाली नाही, गरज लागल्यावर झाली. तर ऐक. आठवण रोज होत होती. हितेशच्या लग्नाला मी आदल्या दिवशी पिशवी घेऊन निघाले होते. मुलाच्या लग्नात आईने धवला म्हणायचा नसतो, म्हणजे तुझ्या मांडवात म्हणायला माझ्याशिवाय होतंच कोण? रोह्याला उतरले, कुंडलिकेच्या पुलावर हितेश भेटला. म्हणाला, "मामी, सासरच्यांनी डीजे बोलावलाय. तुम्ही फक्त जेवायला या." मी पुलावरूनच मागे फिरले. तू नंतर म्हणालीस, वयनी जेवायलाही आली नाही, माझं नाक कापलं. मी म्हणाले, धवल्याशिवाय हळद लावलीस, आईचं नाक कापलं. दोघींची नाकं आहेत तिथेच आहेत. मी अजून रागावलेली आहे, हे लक्षात ठेव. राग ठेवूनही माणूस बोलावता येतं.

आणखी एक आहे. ते लिहायला धीर होत नव्हता.

माझा आवाज बसलेला नाही, गेला आहे. बांधावर त्या उधाणात मी वाऱ्याच्या वर सूर नेला तेव्हाच आत काहीतरी फाटल्यासारखं झालं होतं. मी काढ्यावर ढकललं. पनवेलच्या डॉक्टरने नळी घालून बघितलं. म्हणाला, स्वरयंत्रावर गाठ आहे, साधी दिसते, पण काढावी लागेल. बोलाल, पण वरचा सूर परत मिळेल अशी आशा धरू नका. तुझ्या भावाशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. ते "बघू" म्हणाले नाहीत. उठून बाहेर गेले आणि बराच वेळ बांधावर उभे होते.

म्हणजे तू आलीस तर मागे उभं राहायला नको आहेस. पुढे हवी आहेस.

सगळं पेण तुला जन्मभर "अनिताची मागची" म्हणत आलं. तुला ते आवडत नव्हतं. लेकीला सोडून आईने सुनेला पुढे केलं, हे तू कधी बोलली नाहीस, पण गाडीत बसताना तुझी पाठ बोलायची. आता आई नाहीत, तर सांगून टाकते. मला पुढे केलं त्या दिवशी त्या मला बांधावर घेऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, "नमीचा सूर तुज्यापक्षी वर जातंय. पन लेक परघरची. गावाला पुढची गावातलीच पायजे. तिला सांगू नको. सांगलंस तं ती सासरी नांदाची नाय." मी शब्द दिला होता आणि पाळला. तू नांदलीस, संसार केलास, आता सासू झालीस. आईंच्या शब्दाची मुदत संपली असं मी समजते.

दुपारच्या गाडीने आलीस तर पेणला तुझा भाऊ रिक्षा घेऊन थांबेल. तू आली नाहीस तरी थांबेल.

तुझी वयनी,
अनिता

ता. क. आलीस तर शेंगा ने.


धाकटी खार
१२ फेब्रुवारी

प्रिय नमावन्स,

तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस, कारण दुसऱ्या दिवशी तुझं मत अष्टमीला होतं. जाताना शेंगांची पिशवी मात्र कोणी न सांगता उचललीस, त्यावरून काय समजायचं ते मी समजले. आता तू गेल्यावर काय काय झालं ते सांगते, आणि तू असताना झालेलं पण तुला न दिसलेलंही सांगते. पुढे उभ्या असलेल्या बाईला मागचं काही दिसत नाही. मला तरी इतकी वर्षं कुठे दिसलं होतं?

तू मांडवाच्या खांबाला हात लावलास, मान थोडी वर केलीस. आणि सूर लावलास. वन्स, मला वाटलं आईच उभ्या आहेत. तोच ताठा, तीच उजव्या खांद्याची उचल. मागून बघितल्याशिवाय हे कळलंच नसतं. बायकांनी हातातली हळद तशीच धरून ठेवली. मी झेलायचं विसरले. ओळ संपली, मागे कोणीच नाही! तेव्हा तू न वळता कोपर मारलंस, थेट आईंसारखं, इथे बरगडीत. अजून दुखतंय. दुखू दे.

मग ती ओळ आली. "मांडवाच्या धनिनीला यश दे गो मावली", आणि पुढे नाव. तू थांबलीस. मला माहीत आहे का थांबलीस. तुला वाटलं, वयनीच्या तोंडावर कसं म्हणू? प्रणिता हळदीच्या ताटाशी खाली मान घालून बसली होती. तिलाही स्वतःचं नाव नकोसं झालं होतं त्या घडीला. तिची सासू माझ्याकडे बघत होती. माइकवर नुसता वारा.

पुढची अडली तर मागचीने ओढायचं, हे आपल्याला कोणी शिकवलं? मी ओढलं. त्या फाटक्या आवाजात म्हटलं, "प्रनिताबायला यश दे गो मावली." तू लगेच वरून घेतलंस आणि धवला पुढे गेला. तुला ते घटकाभराचं वाटलं असेल. मला तेवढ्यात सगळं दिसलं. बांध, खारं झालेलं शेत, प्रविणचं तोंड. तरी म्हटलं. आणि मनापासून म्हटलं, खोटं नाही. ओठावर एक, पोटात एक असं ठेवून धवला म्हणता येत नाही, सूर लगेच सांगतो.

तू गाडीत बसली असशील तेवढ्यात मांडवात एक पोलीस आला. कोवळं पोरगं. म्हणाला, प्रचार बंद झालाय, माइकवर उमेदवाराचं नाव घेऊन यश मागितलं अशी तक्रार आहे. विचारलं, कोणाची? तर म्हणतो, "तुमच्याच प्रतिनिधीची." प्रविणनेच फोन केला होता! त्या पोराने मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, विरोधी उमेदवार. "आणि हे गाणं कोणी म्हटलं?" मी म्हटलं, मीच. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. प्रणिताची सासू पुढे आली. म्हणाली, "आरं बाबा, तुजे आयसच्या हलदीला पन ह्योच म्हटलेला. तवा कुनी पोलीस धाडला नाय. बस, जेव." निघालं असं की ते पोरगं आपल्याच खारेपाटातलं. जेवला आणि वालाचं बिरडं मागून घेतलं.

मांडवात कोणीतरी काढलेला व्हिडिओ मात्र थांबला नाही. रात्रीतून घरोघर गेला. खाली लिहिलेलं, "विरोधी उमेदवारानेच दिला आशीर्वाद." सकाळी मतदानाच्या रांगेत बायका मला म्हणत होत्या, "काय गो म्हटलाव, अंगावर काटा आला." पण मत द्यायला आत जाताना डोळ्याला डोळा देत नव्हत्या.

हरले, वन्स. थोडक्यात हरले, म्हणून जास्त लागलं. प्रविण म्हणतो, धवल्याने घालवलं. असेल. कदाचित पूर्वीच गेलेलं असेल, मला ठाऊक नाही. देवीने मात्र आपण मागितलं ते दिलं. आईंचा धवला कधी फुकट जात नाही, आणि या खेपेला तेच माझं दुखणं झालं! निकालाच्या दिवशी चुलीपुढे बसून रडले. एकटीने, नियमाप्रमाणे. प्रविण अजून माझ्याशी बोलत नाही. येईल. तुझ्याच घराण्याचा आहे, पाच वर्षं लागतील.

सोमवारी प्रणिता आली. गळ्यात हार नव्हता, गाडी लांब उभी केलेली. ओटीवर बसली, चहा घेतला. म्हणाली, "वयनी, तुमी नाव घेतलाव नसता तं मांडवान माजी लाज गेली असती." मी म्हटलं, लाज राहिली ना, आता खांडीचं बोल. तर म्हणाली, ते मोठं काम आहे, बघू. बघू! घरातलं एक "बघू" मला पुरतं. मी तिला तिथल्या तिथे उठवलं, चप्पल घालायला लावली आणि बांधावर नेली. गोण्या कुजल्यात, माती सुटलीय, पुढचं मोठं उधाण आलं की परत पाणी शिरेल, सगळं दाखवलं. पायाखालची भेगाळलेली पांढरी जमीनही तिने बघितली. बरोबर समितीच्या बायका होत्या. रघूची आईसुद्धा, तोंड वाकडं करून, पण होती. मी प्रणिताला सांगितलं, तू पुढची झालीस, बरं झालं. आम्ही मागच्या. पण मागची म्हणजे मुकी नव्हे. तू अडलीस की ओढू, चुकलीस तर कोपर मारू. तिने मार्चच्या सभेत विषय घ्यायचं कबूल केलंय. कबूल केलंय म्हणजे झालं असं मी धरत नाही. त्या सभेला आम्ही सगळ्या जाऊन मागच्या खुर्च्यांवर बसणार आहोत.

आता माझं. गाठ काढायची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. डॉक्टर म्हणतो साधी आहे, मी पण सगळ्यांना तेच सांगते. तुला खरं सांगते, मला भीती वाटते. मरायची नाही. उठल्यावर तोंड उघडेन आणि काहीतरी तिसरंच बाहेर येईल, याची. म्हणून आज सकाळी बांधावर गेले आणि मांडवाचा पहिला धवला हळू आवाजात, जमेल तेवढा म्हणून घेतला. वाऱ्याच्या वर गेला नाही. खालून गेला. खालूनही बरा वाटतो ग.

फाल्गुन-चैत्रातल्या लग्नांचे नारळ यायला लागलेत. एक जित्याचा, एक काशाकडचा, एक आपल्याच वाडीतला. प्रत्येकीला मी म्हटलं, नारळ घेते, पण माझ्या नावाने नाही. देव्हाऱ्यात ओळीने ठेवलेत. ओटीत घेतलेला नारळ परत जात नाही, हे तुला सांगायला नको.

पहिल्या हळदीला सकाळच्या गाडीने ये. या खेपेला मी स्वतः फलाटावर येईन. गळ्याला पट्टी असेल, बोलायला बंदी असेल, तेव्हा "म्हन बगू" हे मी हातानेच सांगेन. तू पिशवी खाली ठेव आणि म्हण. तिकीट तपासनीस थांबला तर थांबू दे.

नमिताची मागची,
अनिता